पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे

सर गेल्याचं मला चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘आपल्या वाडीतले जुने रहिवासी, थोडे विक्षिप्त पण अतिशय प्रेमळ असे आपले सर.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी हात जोडले नाहीत. एक तर सर प्रेमळ नव्हते. कोणाच्या पोराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवलेला किंवा कोणाला ‘बरं आहे ना’ म्हणून विचारलेलं मी कधी पाहिलं नाही. आणि विक्षिप्त म्हणाल, तर सगळी चाळ एका अंगाला पळत असताना जो जागचा हलत नाही त्याला पळणारे दुसरं काय म्हणणार?

म्हणून हे लिहायला घेतलं. कोणाला दाखवायचं नाही. माझी शाळा लालबागला चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायला उभी राहिले की माझा घसा सुकतो. लिहिताना सुकत नाही. सरांबद्दल लोकांनी जे लिहिलं ते मला खोटं वाटलं, तेव्हा खरं कुठेतरी लिहून ठेवलेलं असू दे.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला ओळीनं तीन खोल्या होत्या. पहिली सरांची, मधली माईंची, तिसरी आमची. सरांचं घराणं जुनं मुंबईकर. आजोबा इंग्रजांच्या कचेरीत मोठे कारकून होते म्हणे. सर स्वतः कुठल्याशा संस्थेत कॉम्प्युटरचं शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. त्यांचा दोन्ही वेळचा डबा माझ्याकडे होता, त्यामुळे त्यांच्या खोलीत पाय ठेवायची परवानगी असलेली चाळीतली मी एकटीच.

त्यांच्या दाराबाहेर खिळ्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला असे. झाकणाला फट पाडलेली. त्याला ते पेटी म्हणत. दार वाजवलं की आतून आवाज येई, “पेटीत टाका.” वर्गणीवाल्या पोरांना तेच, पोस्टमनला तेच. एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, त्यालाही तेच. तो बिचारा म्हणाला, सिलिंडर कसा टाकू पेटीत. सर आतून म्हणाले, सिलिंडर आलाय असं लिहून टाका. तो शिव्या घालत सिलिंडर दारात उभा करून गेला आणि दुपारपर्यंत सगळा मजला त्याला ठेचकाळत राहिला. दुपारी सरांनी पेटी उघडली, चिठ्ठी नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी सिलिंडर आलेलाच नव्हता. मी डबा द्यायला गेले तेव्हा कुठे तो आत घेतला.

चिठ्ठी वाचली की दारावर खडूनं एक खूण करायचे. त्या खुणेचा अर्थ ‘वाचलं’. ‘कबूल’ असा नव्हे. सत्यनारायणाच्या पूजेची चिठ्ठी टाकून, खूण बघून, यजमानांनी सरांचं पान वाढून ठेवलं होतं. सर गेले नाहीत. नंतर यजमान तणतणत आले तर म्हणाले, मी वाचलं एवढंच कळवलं होतं, येतो असं कुठे म्हटलं?

एवढ्यावरून कोणीही माणसाला चक्रम म्हणेल. पण ही पेटी त्यांनी गंमत म्हणून टांगली नव्हती. त्यांचं आयुष्यभराचं काम तेच होतं.

ते काम मला कळलं तेवढं सांगते. लांब लांबच्या गावांतली कॉम्प्युटर यंत्रं एकमेकांना निरोप धाडतात. कोणी कोणाची वाट बघत थांबत नाही. निरोप सोडायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्याला ते असिंक्रोनस म्हणत. मला तो शब्द नीट म्हणायला बरेच दिवस लागले. असे निरोप कसे जातात, कधी पोचतात, पोचले नाहीत तर काय, हे कोणाला शंका राहणार नाही अशा नेमक्या खुणांनी लिहायचं. त्या खुणांची एक लिपी सर बनवत होते. नोकरीत असताना बनवत होते, सुटल्यावरही बनवत होते. भिंतीवर, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, पुठ्ठ्यांवर, सगळीकडे उभ्या रेघा आणि तिरके बाण. उभी रेघ म्हणजे एक यंत्र, वरून खाली त्याचा दिवस चाललेला. तिरका बाण म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे चाललेला निरोप.

मी विचारलं होतं, बाण तिरका का, सरळ आडवा का नाही. त्यांनी मलाच उलट विचारलं, शेजारणीला साखर कशी देता? म्हटलं, गॅलरीत वाटी हातात देते. ते म्हणाले, म्हणजे ती घेईपर्यंत तुम्ही सोडत नाही, आणि तुम्ही सोडेपर्यंत ती जात नाही. दोघींचा क्षण एकच. तो बाण आडवा. आता समजा तुम्ही वाटी कठड्यावर ठेवलीत आणि आत गेलात. ती येईल तेव्हा येईल. मधल्या वेळात वाटी कोणाची?

म्हटलं, कावळ्याची.

ते गंभीरपणे हो म्हणाले. कावळ्यासकट लिहिता आलं पाहिजे म्हणाले. हातात देण्याचं लिहायला सगळ्यांनाच जमतं. कठड्यावर ठेवण्याचं लिहायची वेळ आली की मोठमोठे लोक काय करतात, तर मध्ये एक हमाल उभा करतात. मी हमालाच्या हातात दिली, हमालानं तिच्या हातात दिली, दोन आडवे बाण, झालं काम. सरांचं सगळ्या जगाशी भांडण होतं ते या हमालावरून. “वाटी हवेत असते, वहिनी,” ते म्हणायचे. “हवेत असलेली वाटी लिहायची लाज कसली वाटते यांना?”

त्यांच्या लिपीचा एक नियम ते इतक्यांदा बोलून दाखवत की माझ्या तोंडात बसला. ‘पाठवलं’ या खुणेच्या पुढे ‘म्हणून’ लिहायचं नाही. पाठवलं, म्हणून त्याला कळलं. पाठवलं, म्हणून तो येईल. असं काहीही तिथे टांगता येत नाही. ‘म्हणून’ लिहायचा हक्क ज्याला मिळालं त्याच्या रेघेवर.

नवीन खूण बसवली की ते ती माझ्यावर पडताळून बघत. मी डबा ठेवला की पुठ्ठा समोर धरायचे, काय दिसतं सांगा. मी जे दिसेल ते सांगायची आणि पुष्कळदा चुकायची. चुकले की ते पुठ्ठ्यावरची खूण खोडायचे. सुरुवातीला मला फार ओशाळं वाटे. म्हटलं, सर, मला अक्कल नाही, तुम्ही शिकलेल्या कोणाला तरी दाखवा. ते चिडले. म्हणाले, शिकलेले लोक चुकीची खूणसुद्धा बरोबर वाचतात, ते माझ्या काय उपयोगाचे?

एकदा पुठ्ठ्यावर दोन बाण एकमेकांना छेदून गेलेले होते. मी बघून म्हटलं, नंतर पाठवलेला आधी पोचला. ते म्हणाले, बरोबर, मग काय होईल? म्हटलं, भांडण होईल. का म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी आमच्या घरचं सांगितलं. माझी आई आजारी होती. भावानं आधी कळवलं, आई बरी नाही, ये. मग आईला उतार पडला तसं कळवलं, आता काही गरज नाही, येऊ नकोस. पहिला निरोप ज्याच्याजवळ दिला तो विसरला. मला आधी दुसराच मिळाला. गरज नाही, येऊ नकोस. मी महिनाभर माहेराशी बोलले नाही. सर हे ऐकून हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. मग विचारलं, पहिला निरोप शेवटी मिळाला का? म्हटलं, मिळाला, आई हिंडूफिरू लागल्यावर. तर पुन्हा हसले.

त्यांच्याकडे येणारंजाणारं कोणी नव्हतं. एक जुना विद्यार्थी मात्र आला होता. मोठ्या कंपनीत मोठा साहेब, गाडी वाडीच्या तोंडाशी उभी, हातात पेढे. त्यानं दार वाजवलं, पेटीत टाका असं ऐकलं, आणि शहाण्यासारखी चिठ्ठी टाकून जिन्यात थांबला, म्हणून आत घेतला गेला. मी पोळ्या घेऊन गेले तेव्हा तो लॅपटॉपवर आपल्या कंपनीच्या यंत्रांची आकृती दाखवत होता. बाण सगळे आडवे. सर म्हणाले, हे काय. तो हसून म्हणाला, सर, आता लाइन इतकी फास्ट झालीय की वेळ जवळजवळ शून्यच. सर म्हणाले, जवळजवळ शून्य म्हणजे तिरकं.

मग त्यांनी विचारलं, उत्तर आलं नाही तर काय करता? त्यानं सांगितलं, ठरलेला वेळ थांबतो, मग पलीकडचं यंत्र मेलं असं धरतो आणि पुढे जातो. सगळं जग असंच करतं, सर. नाहीतर काम थांबेल.

“करा,” सर म्हणाले. “पण मग ‘धरलं’ असं लिहा. ‘मेलं’ असं लिहू नका.”

तो म्हणाला, फरक काय पडतो. सरांनी पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या हातात परत दिला. आडवा बाण. मला तेवढ्यातही हसू आलं.

माझ्या फोनवर व्हॉट्सॲप आलं तेव्हा मी कौतुकानं त्यांना टिका दाखवल्या. एक टीक म्हणजे गेलं, दोन म्हणजे पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे वाचलं. त्यांनी फोन डोळ्यांशी धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, दोन म्हणजे फोनला पोचलं, आणि निळ्या म्हणजे कोणीतरी उघडलं. माणसाचं यात काहीच नाही. त्यांचा स्वतःचा फोन बंद असायचा. ते तो उघडत महिन्यातून कधीतरी, पेटी उघडावी तसा.

आता चाळीचं सांगते, म्हणजे माईंचं.

माई एकट्या राहत. मालवणकडच्या. यजमान परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ तेही गेले. गावी बहीण घरात पडली म्हणून माई तिचं करायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, घराकडे लक्ष ठेव. मीही बघेन म्हटलं. कधी येणार ते बहिणीच्या पायावर अवलंबून.

त्या गेल्या आणि इकडे पुनर्विकासाचं ठरलं. इतकी वर्षं नुसती बोलणी होती, या वेळी बिल्डरचा माणूस खरोखरच कागद घेऊन आला. आमच्या चाळीत कागद फिरवायची एक पद्धत होती. पाणी येणार नाही, रंगसफेदी आहे, असं काही असलं की कागद खोलीखोलीतून जाई आणि ज्यानं त्यानं आपल्या खोलीसमोर सही करायची. एखादी खोली बंद असली तर शेजारी सही करी, ‘शेजाऱ्याकडे दिले’ म्हणून. त्यात कोणाचं काही गेलेलं नव्हतं. पण या कागदात असं होतं की मुदतीत ज्यांचा लेखी नकार येणार नाही त्यांची संमती मानली जाईल, आणि जी खोली बंद आहे आणि जिथून काहीच उत्तर नाही, तिचा ताबा सोडला असं मानलं जाईल. ताबा सोडला म्हणजे नव्या इमारतीत जागा नाही. सेक्रेटरींनी हळू आवाजात आमच्या ह्यांना सांगितलंही, एक खोली कमी झाली तर बाकीच्यांना थोडी मोठी मिळेल.

माईंच्या खोलीसमोर शेजाऱ्याची सही पाहिजे होती. सेक्रेटरींनी कागद सरांच्या पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी तो परत दिला. ‘शेजाऱ्याकडे दिले’ हे खोडून त्यांनी लिहिलं होतं, ‘पाठवले. पोचले नाही.’

सेक्रेटरी तसा मनानं वाईट माणूस नाही. पण त्याला काम पुढे न्यायचं होतं. त्यानं गॅलरीतच सरांना गाठलं. त्याचा आवाज मोठा, सगळा मजला दारात आला.

“सर, माईंच्या नंबरवर मी स्वतः टाकलंय. दोन टिका आल्यात. पोचलंय.”

“फोनला पोचलंय.”

“फोन माईंचाच ना?”

“पेटी माझीच आहे. तुम्ही काल तिच्यात कागद टाकलात तेव्हा मी झोपलो होतो.”

लोक हसले. सेक्रेटरीला ते लागलं. तो म्हणाला, इतके दिवस त्या फोन उचलत नाहीत, उत्तर देत नाहीत, वय झालेलं माणूस, समजून घ्या काय ते. सर म्हणाले, उशीर होणं आणि नसणं इथून दोन्ही सारखीच दिसतात. तुम्हाला कुठलं दिसतंय ते फक्त तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. सेक्रेटरी म्हणाला, सर, निदान शेजारधर्म म्हणून तरी. सर म्हणाले, तिच्या खोलीचा घास तिच्या नावानं गिळायचा, हा कुठला शेजारधर्म. आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर सरांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ते मालवणला निघाले. गेली कित्येक वर्षं ज्यांनी चर्नी रोडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ते सर छत्री, थर्मास आणि कागदाची एक झेरॉक्स घेऊन एसटीनं निघाले. मी दशम्या बांधून दिल्या. म्हटलं, पोचल्यावर फोन करा. ते म्हणाले, इथे येऊन सांगेन. म्हटलं, आणि तुमचं काही कळलंच नाही तर? म्हणाले, तर मेलो असं धरू नका आणि येतोच आहे असंही धरू नका. म्हटलं, मग करायचं काय? तर म्हणाले, थांबायचं. जणू काही मी विचारलं होतं की भाजीत मीठ किती.

त्यांचं काहीच कळलं नाही. मुदत जवळ येत गेली. सरांचा फोन लावला की बंद. माईंचा लागला तर लागायचा, वाजून वाजून थांबायचा. आता जिन्याच्या टोकाच्या तीन खोल्यांपैकी दोन बंद, आणि शेजारी म्हणून उरलेली मी.

सेक्रेटरी बिल्डरच्या माणसाला घेऊन आमच्या घरी आला. मी चहा केला. त्यांच्याशी बोलले ते आमचे हेच. दोघं गेल्यावर हे मला म्हणाले, तुला काय पडलंय? एक सही. म्हटलं, माईंना विचारलं नाही कोणी. ते म्हणाले, सगळं आयुष्य गॅलरीच्या टोकाच्या संडासासमोर बालदी घेऊन उभं राहायचंय का तुला? घरात संडास मिळतोय, घरात नळ मिळतोय. ते खरं होतं. गुडघे माझेच दुखतात. मला ते घर ह्यांच्याइतकंच हवं होतं. हे लोकांनी विसरू नये. ज्यांना काही नकोच असतं त्यांना नाही म्हणणं सोपं असतं.

रविवारी खाली चौकात सभा झाली. खुर्च्या मांडल्या, बायका नेहमीप्रमाणे मागे जिन्याच्या पायऱ्यांवर. सेक्रेटरी खोल्यांची नावं वाचत होता आणि बिल्डरचा माणूस खूण करत होता. माईंची खोली आली. बंद, उत्तर नाही. मग सरांची. बंद, उत्तर नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “दोघं मिळून पळाली की काय?” सगळा चौक हसला. आमचे हेही हसले.

सेक्रेटरी म्हणाला, वहिनी, या दोन्ही खोल्यांना तुमची सही घेतो, या पुढे.

मी गेले. घसा सुकला होताच. पेन हातात घेतलं. समोर दोन छापील चौकोन होते, ‘मिळाले’ आणि ‘ताबा सोडला’. म्हटलं, दादा, माई कुठे आहेत, कशा आहेत, त्यांना हे कळलंय की नाही, मला माहीत नाही. ते तुम्ही लिहा. त्याच्याखाली मी सही करते.

“काय लिहू?”

“माहीत नाही, असं लिहा.”

“वहिनी, तसा चौकोनच नाहीये.”

“खाली कोरी जागा आहे.”

बिल्डरचा माणूस म्हणाला, मॅडम, माहीत नाही याला कागदावर काही किंमत नसते. कोणी मला मॅडम म्हटलं नव्हतं आजवर. मला त्याचा राग आला आणि रागानं घसा मोकळा झाला.

“मला माहीत नाही, हा माझा जबाब आहे. तुम्हाला माहीत असेल तर हे पेन घ्या आणि माई मेली म्हणून तुम्ही सही करा.”

पेन मी त्याच्यापुढे धरलं. त्यानं सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीनं खजिनदाराकडे, खजिनदारानं चष्मा पुसायला काढला. पेन माझ्या हातातच राहिलं. तळमजल्यावरचे म्हातारबुवा, गिरणीत माईंच्या यजमानांबरोबर होते, ते खुर्चीतून म्हणाले, “लिव्हा हो. बाई म्हनते ते लिव्हा.” सेक्रेटरीनं लिहिलं, ‘उत्तर आलेले नाही. माहीत नाही.’ दोन्ही खोल्यांना. मी सही केली. मुदत वाढवावी लागली. बिल्डरच्या माणसानं फाइल जरा जोरातच मिटली.

जिना चढताना पायऱ्यांवरच्या बायकांनी मला वाट दिली पण माझ्याशी कोणी बोललं नाही. पुढचे कितीतरी दिवस बोललं नाही. नळावर माझी बालदी मागे सरकवली जायची. ह्यांनी अबोला धरला. डबा करायचा नसतानाही मी सरांच्या पोळ्यांचं पीठ मळून टाकायची आणि मग त्या आम्हीच खायचो, न बोलता.

आणि एका सकाळी जिन्यात माईंचा आवाज आला. त्या कोणाला तरी ओरडत होत्या. बघते तर टॅक्सीवाला आणि म्हातारबुवांचा जावई सरांना खुर्चीत बसवून वर आणत होते. पायाला प्लास्टर. पोचल्या दिवशी त्यांनी कागद माईंच्या हातात दिला, उत्तर तुमचं तुम्ही द्या म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी माईंच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. बहिणीचा पाय बरा होत आला आणि यांचा मोडला. माई म्हणाल्या, “एक पाय झालो की दुसरो. माका सुटका नाय.” फोन सरांनी सवयीप्रमाणे बंद ठेवलेला. माईंचा फोन भाच्याचा पोरगा गेम खेळायला घेऊन जायचा, त्या दोन टिका त्याच्या खिशात पोचल्या होत्या. सरांनी मला एक पोस्टकार्ड टाकलं होतं, पाय मोडला, उशीर होईल, असं. ते कार्ड सर आल्यावर चार-पाच दिवसांनी आलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि खळ लावून भिंतीवर चिकटवलं. आलेल्यांना दाखवायचे, बघा, मी माझ्या निरोपाच्या आधी पोचलो.

सभेत काय झालं ते मी त्यांना सांगितलं. मनातून वाटत होतं की काहीतरी बरं बोलतील. त्यांनी विचारलं, नेमकं काय लिहिलंत? सांगितलं. तर म्हणाले, तारीख घातलीत का? म्हटलं, नाही. ते वैतागले. “कधी माहीत नव्हतं ते लिहायला नको? उद्या कळलं की कालचं खोटं ठरेल.” म्हणून म्हणते, प्रेमळ वगैरे नव्हते ते. पण ती चूक होती आणि ती त्यांनी मला सांगितली. बाकीचे मला चूक सांगायच्यासुद्धा लायकीची धरत नव्हते.

माई आल्याचं कळल्यावर सेक्रेटरी दुपारी कागद घेऊन वर आला. बिल्डरचा माणूस बरोबर, पाठोपाठ निम्मी चाळ. सर गॅलरीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. माई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पण त्या चूलच म्हणत. सेक्रेटरीनं दारातून सगळं समजावून सांगितलं, अगदी आदरानं, आणि विचारलं, माई, तुमचं काय म्हणणं?

माईंनी मान वर केली. “इतके दिवस माका कोणी इचारूक नाय. आता इचारतास, तर थांबा. जेवान करतंय, मगे सांगतंय.”

त्यांनी बांगड्यांचं कालवण केलं. भात उतरवला. आधी सरांना वाढलं, मग स्वतः जेवल्या, सावकाश. ताट घासलं. बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता. सेक्रेटरीनं दोनदा खाकरून बघितलं. माई आत चटईवर आडव्या झाल्या. बाहेर सगळे कठड्याला टेकून उभे. कोणी गेलं नाही, कारण मुदत त्याच दिवशी संपत होती. मी त्यांना पाणी दिलं. कितीतरी दिवसांनी नळावरच्या त्याच बायकांनी माझ्या हातून पेले घेतले.

उन्हं कलली तेव्हा माई उठल्या, तोंड धुतलं, चहा घेतला आणि दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, “माझ्या भैनीचा नाव माझ्या नावाखाली घाल. मगे होय.”

सेक्रेटरी म्हणाला, एवढंच होतं तर माई, आधीच सांगायचं. माई म्हणाल्या, “आधी खय इचारलास?” त्यानं बहिणीचं नाव लिहिलं. माईंनी पेन घेतलं, आणि एक एक अक्षर काढत आपल्या हातानं आपलं नाव लिहिलं. मी तिथे उभी होते. कोणी घाई केली नाही.

हे सगळं ऐकायला सर जागे नव्हते. कालवण-भात खाऊन खुर्चीतच त्यांची मान छातीवर कलली होती. ज्या उत्तरासाठी ते मालवणपर्यंत गेले, पाय मोडून घेतला, ते उत्तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर दिलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं नाही. लोक पांगले. जिन्यात पुन्हा बोलणं, हसणं सुरू झालं. ह्यांनी मला आत येऊन चहा टाक म्हटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दिवेलागणीला सरांना जाग आली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, गॅलरी रिकामी. मला वाटलं, काय ठरलं ते विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, सगळे गेले का, आणि तिनं स्वतः सांगितलं का. म्हटलं, हो, स्वतः सांगितलं. मग म्हणाले, रात्रीला पोळ्या नकोत, थोडा भात असेल तर बघा.

माई काय म्हणाल्या ते त्यांनी मला विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर चाळ रिकामी होऊन ते दादरला पुतण्याकडे जाईपर्यंत कधीच नाही.